मालकाचा उशीर, ठेकेदाराचा खर्च

मालकामुळे काम थांबलं, तर खर्च कोणी सोसायचा?

समजा, भिलाईत मे महिन्यात पायाची खोदाई झाली आणि मालकानं नकाशा बदलायला घेतला. २० दिवस काम बंद. सेंट्रिंगचं भाडं रोज १,५०० रुपये, मिक्सरचं ८००, सुपरवायझर आणि चौकीदाराचे १,२०० धरा. रोजचे ३,५००, म्हणजे ७०,००० रुपये बसल्या जागी गेले. वर जूनच्या मध्यात पाऊस आला की खड्ड्यात पाणी. उपसा करा, ढासळलेली माती पुन्हा काढा.

हे पैसे मागता येतात. के. एन. सत्यपालन विरुद्ध केरळ सरकार या खटल्यात करारात भाववाढीचं कलम नसतानाही सुप्रीम कोर्टानं ठेकेदाराला वाढीव खर्च दिला, कारण काम सरकारी बाजूमुळे लांबलं होतं.

पण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ लक्षात ठेवा. उशिरा आलेला नकाशा तुम्ही गुपचूप स्वीकारलात, तर भरपाईचा हक्क जाऊ शकतो. म्हणून नकाशा हातात घेतानाच लेखी कळवा की, या उशिराची भरपाई मी मागणार आहे. आणि बंद दिवसांची नोंद साइटच्या वहीत रोज करा.

ही नोटीस कशी लिहायची, ते पुढच्या भागात पाहू.