जहाजदुरुस्तीतील मापन व प्रतिमाने

जहाजाचे प्रत्यक्ष आकारमान आधुनिक उपकरणांनी मोजून संगणकावर त्याचे त्रिमितीय प्रतिमान तयार करणे व त्यावरून बदलावयाचे भाग घडविणे, ही जहाजदुरुस्तीतील एक महत्त्वाची पद्धती आहे. जुन्या जहाजाचे मूळ आराखडे पुष्कळदा मिळत नाहीत किंवा मधल्या काळातील फेरफारांमुळे ते प्रत्यक्षाशी जुळत नाहीत. म्हणून नव्याने मापन करावे लागते.

पनवेलसारख्या खाडीकाठच्या बंदरांत ये-जा करणारी देशी गलबते भरतीला काठावर आणून ओहोटीत दुरुस्त करता येत. मोठ्या जहाजांस मात्र सुकी गोदी लागते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले व त्यांच्या कारकीर्दीत १७५० मध्ये तेथे अशी गोदी झाली. दोरी, ओळंबा व लाकडी फर्मे यांनी मापे घेण्याची रीत पोलादी जहाजांच्या काळातही टिकून राहिली.

लेसर क्रमवीक्षकात फिरत्या आरशावरून सोडलेला किरण पृष्ठभागावरून परततो [→ लेसर]. अंतर व दोन कोन यांवरून प्रत्येक बिंदूचे स्थान ठरते. निरनिराळ्या ठिकाणांहून टिपलेले लक्षावधी बिंदू सामाईक खुणांच्या आधारे जुळवून प्रतिमान बनवितात. पत्र्याची झीज श्राव्यातीत ध्वनीने मोजतात. पोलादात त्याचा वेग सेकंदास सु. ५,९०० मी. असल्याने १० मिमी. जाडीच्या पत्र्यातून प्रतिध्वनी परतण्यास सु. ३·४ मायक्रोसेकंद (सेकंदाचा दशलक्षांश) लागतात.

उपकरण कितीही सूक्ष्म असले, तरी जहाजाचा आकार स्थिर नसतो. तापमान १०° से. ने वाढल्यास १०० मी. लांबीचे पोलाद सु. १२ मिमी. ने वाढते. उन्हाने तापलेला वरचा डेक व पाण्यातील थंड तळ यांच्या असमान प्रसरणाने जहाज किंचित वाकते. म्हणून नाजूक मापे रात्री किंवा पहाटे घेतात. गोदीतील ठोकळ्यांवर टेकलेले व पाण्यावर तरंगणारे जहाज यांच्या आकारांतही फरक पडतो. त्यामुळे पंख्याचा दंड व त्याचे धारवे (बेअरिंग) एका रेषेत आहेत की नाहीत, हे जहाज तरंगू लागल्यावर पुन्हा तपासतात.

जहाज गोदीत असताना त्याचे उत्पन्न थांबते व गोदीचे भाडे मात्र चढत राहते. समतोलासाठी घेतलेल्या पाण्याबाबतचा २००४ चा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ रोजी अंमलात आल्यावर जुन्या जहाजांत जलशुद्धीकरण संयंत्रे बसवावी लागली. अशा वेळी जहाज समुद्रावर असतानाच यंत्रगृहाचे मापन केल्यास नळ कारखान्यात आधीच तयार ठेवता येतात व गोदीतील मुक्काम घटतो. मापन चुकल्यास मात्र तेच नळ कापून पुन्हा जोडावे लागतात आणि वाचविलेला वेळ वाया जातो.