म्हातारपण पाडत नाही, ओली मोरी पाडते



"वय झालं, आता पडायचंच," असं वस्तीत सहज बोललं जातं. आजी मोरीत घसरली की दोष वयाला, आजोबा रात्री गल्लीत पडले की दोष नशिबाला. नशीब तर आपण १९५६ साली दीक्षाभूमीवरच सोडून आलो. कारण दूर केलं की परिणाम टळतो, ही तथागतांची शिकवण. पडण्यालाही कारण असतं आणि बरेचदा ते आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत सापडतं.

पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात साठी ओलांडलेले सर्वांत जास्त. वॉर्डात नर्स असताना मी पाहिलंय, खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतं, पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो. इकडे सुनेची धुण्याभांड्याची कामं सुटतात, कर्ज होतं आणि आजीजवळ बसायला म्हणून नातीची शाळा बंद पडते.

मोरी
सगळ्यात आधी मोरी बघा. शेवाळ आणि साबणाचा थर आठवड्यातून दोनदा ब्रशने घासून काढा. गुळगुळीत लादी असेल तर खाली चिकटून बसणारी रबरी चटई टाका. आंघोळीला प्लास्टिकचा मजबूत स्टूल द्या. पाय हलणारा नको. भिंत विटांची असेल तर लोखंडी पाइपचा दांडा पक्का बसवा. भिंत पत्र्याची असेल तर तो पत्र्याला नको, खांबाला बसवा. टॉवेलची खुंटी धरून उठायची सवय मोडा. ती वजन पेलत नाही.

रात्रीची वाट
आपल्याकडे संडास घरात नसतो, गल्लीच्या टोकाला असतो. अंधार, उघडं गटार, पावसाचा चिखल आणि घाई. पडायला एवढं पुरतं. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी टॉर्च ठेवा, खोलीत झिरोचा बल्ब रात्रभर चालू ठेवा. रात्री घरातच पडदा लावून भांड्याची किंवा कमोड खुर्चीची सोय करा. यात लाजण्यासारखं काही नाही. रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणीच न पिणारी आजी असेल, तर तिला दिवसा भरपूर पाणी प्यायला लावा. अंगात पाणी कमी पडलं की उठताना चक्कर येते.

खोली
पोटमाळ्यावर तरुणांनी झोपावं, म्हाताऱ्यांना शिडी चढायला लावू नये. पंख्याची वायर, गोधडीची टोकं, पाण्याचे हंडे चालायच्या वाटेतून हलवा. उंबरठ्याला पांढरा किंवा पिवळा रंग द्या, तो अंधुक नजरेलाही दिसतो. झिजलेली हवाई चप्पल टाकून मागे पट्टा असलेली घ्या.

गोळ्या आणि नजर
रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्यांनी तोल जाऊ शकतो. साखरेची गोळी घेऊन जेवण चुकलं तरी चक्कर येते. गोळ्या मनाने बंद करू नका. सगळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. झोपेतून उठताना आधी मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात मोफत शस्त्रक्रिया होते, ती पुढे ढकलू नका.

काठी
"काठी घेतली की लोक म्हातारा म्हणतील," हे मी कितीदा ऐकलंय. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने त्रासलेल्या बाबासाहेबांनी अखेरच्या वर्षांत काठी वापरली. दीक्षेच्या काळातले फोटो बघा. मग आपल्याला कसला कमीपणा? मात्र पडेल या भीतीने कुणाला बसवूनही ठेवू नका. पाय वापरले नाहीत तर आणखी कमजोर होतात. भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून रोज दहा वेळा उठबस करायची, शेजारी कुणीतरी उभं राहावं. जेवणात नाचणी, डाळ, अंडं असावं.

पडलंच तर
झटकन ओढून उठवू नका. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलं असेल किंवा खुबा दुखत असेल तर हाड मोडलंय असं समजा. चोळू नका, मालीशवाल्याकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठीक दिसलं तरी दवाखान्यात न्या.

खर्चासाठी
मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, २ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना काठी, कमोड खुर्ची, चष्मा अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यावर देण्याची तरतूद आहे. सत्तरीपुढच्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यावं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

वस्तीचं काम
मोरी घरच्यांनी घासावी, पण गल्लीतला दिवा, गटारावरची फरशी आणि सार्वजनिक शौचालयातला धरायचा दांडा ही पालिकेची जबाबदारी आहे. महिला मंडळाने सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही म्हणतात.

वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला येणाऱ्यांत आज्याच जास्त असतात, आणि दिवस पावसाचे. विहारात त्यांच्यासाठी चार खुर्च्या ठेवा, पायऱ्यांना कठडा करा. आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः आंघोळ घातली, ही विनयपिटकातली कथा आपण तिथेच ऐकतो. यंदा ती वाचून झाली की तरुणांनी ब्रश घेऊन त्या पायऱ्यांवरचं शेवाळ काढावं.