सुरकुत्या घालवणारी सुई : आधी समजून घ्या, मग ठरवा

लग्नसराई आली की मोबाईलवर एक जाहिरात हमखास दिसते : ‘ऑपरेशन नाही, टाके नाहीत, तासाभरात चेहरा दहा वर्षांनी तरुण!’ पूर्वी ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांची होती. आता ती नागपूर-चंद्रपूरपर्यंत आली आहे आणि हप्त्यानेही मिळते. वस्तीतल्या आया-मावश्या आम्हाला विचारतात, “हे खरं असते काय? आमच्या वयात करावं काय?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जन्मभर उन्हात राबलेल्या बाईला नातवाच्या लग्नाच्या फोटोत बरे दिसावे असे वाटले, तर त्यात लाजण्याचे काही कारण नाही. पण चेहरा आणि पैसा दोन्ही पणाला लावण्याआधी ही सुई काय करते आणि काय करत नाही, हे माहीत असले पाहिजे.

सुरकुत्या का पडतात?

आपल्या कातडीच्या आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. खाटेची नवार जशी खाट ताणून धरते, तसे हे धागे कातडी ताणून धरतात. वयाप्रमाणे ते कमी होतात, पण त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन आहे. अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो २०१२ साली तिथल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. त्याने २८ वर्षे ट्रक चालवला. खिडकी डाव्या बाजूला असल्याने चेहऱ्याचा डावा भाग उजव्यापेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेला होता. माणूस एकच, वय एकच. फरक फक्त उन्हाचा.

आता वणीचा विचार करा. निंदण, कापूस वेचणी, उकणी-निलजईच्या खुल्या कोळसा खाणी, राजूरच्या चुनाभट्ट्या, बांधकामावरची मजुरी. सारा जन्म उन्हात जातो. यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. सावळ्या-काळ्या कातडीतले रंगद्रव्य उन्हाला बरेच अडवते, म्हणून गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. ज्या रंगावरून लोक आपल्याला हिणवतात, तोच रंग आपले कातडे राखतो.

उन्हानंतरचे दुसरे कारण बिडी आणि खर्रा. धुरामुळे कातडीला रक्त कमी मिळते. खर्‍यातील सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. हीच अवस्था पुढे कॅन्सरकडे नेऊ शकते. तिसरे कारण आपल्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे पडलेले दात. दात गेले की जबड्याचे हाड झिजते, गाल आत जातात, ओठ दबतात. माणूस आहे त्यापेक्षा बराच म्हातारा दिसतो.

कोणता उपचार काय करतो?

बोटॉक्स : हे एका जिवाणूच्या विषापासून अत्यंत कमी मात्रेत बनवलेले औषध आहे. ते नसेकडून स्नायूला जाणारा निरोप काही काळ थांबवते. स्नायू आखडला नाही की कपाळावरच्या आणि डोळ्यांच्या कडेच्या आठ्या सैल होतात. हे औषध आधी तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी आले. सुरकुत्यांसाठी अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली. परिणाम काही दिवसांत दिसतो आणि तीन-चार महिन्यांत संपतो. म्हणजे खर्च एकदाचा नाही, पुन्हा पुन्हा करावा लागतो. लोंबलेली कातडी यामुळे वर जात नाही.

फिलर : खोल गेलेल्या जागी जेलसारखा पदार्थ भरतात. तो साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते, क्वचित कायमचे आंधळेपण येते. टोचल्यानंतर जागा पांढरी पडणे, जोराचे दुखणे किंवा अंधुक दिसणे ही घाईची लक्षणे आहेत. नेहमीच्या जातीचे फिलर विरघळवणारे इंजेक्शन असते, पण ते हाताशी असावे लागते आणि देणाऱ्याला ते देता आले पाहिजे.

पील आणि लेसर : पीलमध्ये आम्लाने वरचा थर काढतात, लेसरमध्ये किरणांनी. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर मात्रा जास्त झाली तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात आणि ते जायला महिने लागतात. ज्यांच्या जखमेचा व्रण फुगून वाढतो, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

पीआरपी : आपलेच रक्त काढून, त्यातला एक भाग वेगळा करून परत चेहऱ्यात टोचतात. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये अशा उपचारानंतर काही बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या सरकारी संस्थेने २०२४ साली जाहीर केले. रक्त स्वतःचे असले तरी सुई आणि बाटली स्वच्छ नसेल तर धोका दुसऱ्याच्या रक्ताचा असतो.

कोणाकडे जावे?

इंजेक्शन देणे हे पार्लरचे काम नाही, कोर्स केलेल्या ताईचेही नाही. त्वचारोगाचे शिक्षण घेतलेला, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंद असलेला डॉक्टर हवा. त्यांना पाच प्रश्न निर्भीडपणे विचारा : आपले शिक्षण काय? औषधाचे नाव काय, सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडाल काय? परिणाम किती दिवस टिकेल? पुढचा एकूण खर्च किती? काही बिघडले तर इथे काय सोय आहे? उत्तर टाळणाऱ्याकडून परत फिरावे. मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, स्नायू दुबळे होण्याचा आजार यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. आणि यासाठी कर्ज काढू नये. तीन-चार महिन्यांत उतरणाऱ्या गोष्टीचे हप्ते वर्षभर भरावे लागतात.

स्वस्त क्रीमचा महागडा मार

सुईपेक्षा जास्त नुकसान आपल्या वस्तीत बिनलेबलच्या क्रीमने होते. काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एकाच घरच्या तिघी मायलेकींना मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, म्हणून माणूस फसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात. अशी अनेक मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. दुकानदाराने दिले म्हणून लावू नका.

आधी हे करून पाहा

उन्हात जाताना छत्री, रुंद काठाची टोपी किंवा पदर-दुपट्टा चेहऱ्यावर घ्या. जमल्यास ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावा. आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा, कोरड्या कातडीच्या बारीक रेषा त्यानेच कमी दिसतात. लिंबाचा रस चोळून उन्हात जाऊ नका, कातडी भाजते. खर्रा-बिडी सोडा. दात पडले असतील तर कवळी बसवा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ती खासगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात होते. गाल आत गेलेल्या आजीचा चेहरा चांगल्या कवळीने जितका भरतो तितका सुईने भरत नाही, शिवाय भाकरीही चावता येते.

हे वय नव्हे, आजार आहे

तोंड एकाएकी एका बाजूला वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तो लकवा असू शकतो. ताबडतोब १०८ ला फोन करा, पहिले साडेचार तास मोलाचे असतात. चेहऱ्यावरची जखम महिनाभरात भरत नसेल, तीळ वाढत असेल किंवा रक्त येत असेल तर कॅन्सरची तपासणी करून घ्या. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, कानाच्या पाळ्या जाड होत असतील, भुवया झडत असतील तर कुष्ठरोगाची शंका घ्या. आपल्या शेजारी वरोऱ्याला आनंदवन आहे, हा रोग आपल्याला नवा नाही. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो. अशा चट्ट्यावर पार्लरमध्ये ब्लीच करत बसलेल्या बाईचे हातपाय मात्र वाया जाऊ शकतात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. शंका असली तर तिथे दाखवा.

सगळे समजून, ऐपत पाहून, योग्य डॉक्टरकडे कोणी उपचार घेत असेल तर तो तिचा अधिकार आहे, घरच्यांनी टोमणे मारू नयेत. आणि कोणाला नको असेल तर सुनेने, मुलीने ‘आई, तू जुनाट दिसतेस’ म्हणून तिला मागे सारू नये. लग्नाच्या फोटोत तिला मधोमध उभे करा.