मेंढी वधारली, लोकर पडली

गुढीपाडव्याला सालगडी ठरायचा तेव्हा बोलणी फक्त पैशावर होत नसत. ज्वारीची पोती, धोतरजोडी, पायताण आणि एक घोंगडी एवढं सगळं ठरल्यावर साल पक्कं व्हायचं. नांदेड-लातूरच्या काळ्या रानात घोंगडी मजुरीतच धरलेली असे. माळावर राखणारा धनगर, रानात राबणारा कुणबी आणि गावोगाव पायी फिरणारा गोंधळी, अशा सगळ्यांच्या खांद्यावर ती असायची.

मृगाचा पाऊस लागला की तिची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडायची. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही. त्यामुळे झिमझिम पावसात दिवसभर औत हाकता यायचं. थंडीत ज्वारीच्या जागलीला तीच पांघरायची आणि उन्हाळ्यात खळ्यावर तीच अंथरायची. तिच्यावर धान्य वाळत पडे, लेकरू निजे, पाहुणा बसे. देवीचे घट आणि खंडोबाची तळी या कार्यांतही तिला जागा होती.

ही घोंगडी यायची ती दख्खनी मेंढीच्या अंगावरून. काळी-करडी, काटक, मैलोन्‌मैल चालणारी ही जात महाराष्ट्राच्या पठारावर आहे आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातही आहे. तिकडे कुरुबा आणि कुरुमा हे मेंढपाळ समाज तिला राखतात. इकडे कंधार, लोहा, मुखेडच्या बालाघाटी माळांवर हटकर धनगरांचे कळप फिरत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मेंढीच्या खुरांना सोसत नाही, म्हणून कळप मुरमाड माळावर ठेवायचा. खरिपाचं रान मोकळं झालं की मग खाली शेतात उतरायचं. मेंढरं शेतात बसवली की लेंड्या-मुताचं खत मिळतं, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य देतो. वैशाखात तळ्यांचे आटलेले काठ आणि बाभळीच्या शेंगा यांवर कळप तग धरायचा.

कातरणी वर्षातून दोनदा व्हायची. आधी मेंढ्या नदीत धुवायच्या आणि मग चार वाड्यांतले जाणते गडी कात्र्या घेऊन जमायचे. ज्याची मेंढरं त्याच्याकडे त्या दिवशी सगळ्यांचं जेवण असे. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्धा-पाऊण किलोच भरायची, म्हणजे एका घोंगडीला आठ-दहा मेंढ्यांची कातरण लागे. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती मऊ असते, म्हणून तिची घोंगडी वेगळी विणत आणि तिचं मोलही वेगळं धरत. पिंजलेली लोकर बायका चरख्यावर कातायच्या. सगळ्यात जास्त वेळ या कताईलाच जायचा. दाम मात्र विणकराच्या हातात पडायचे आणि कातणारीचं नाव कुठेच नसायचं. खड्डामागावरचं विणकाम खुटेकर धनगर आणि सनगर करत. ताणा गल्लीभर पसरायचा, त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि कुंच्यानं एकेक धागा मोकळा करायचा. या खळीमुळे नवी घोंगडी ताठ असते आणि वापरता वापरता मऊ होत जाते.

घोंगडीची मोठी बाजारपेठ होती माळेगावची यात्रा. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, देवणी आणि लाल कंधारी बैल असा जनावरांचा प्रचंड बाजार लागतो. खंडोबाची दुसरी बायको बाणाई ही धनगराची लेक, आणि तिच्यासाठी देवानं मेंढरं राखली अशी कथा घराघरांत सांगितली जाते. त्यामुळे धनगरांना हा देव घरचाच वाटतो. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांबरोबर रानोमाळ हिंडून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर ग्रंथ लिहिला, तो 1976 साली प्रसिद्ध झाला. 1984 साली रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं. घोंगडीतल्या माणसांचा देव सगळ्या महाराष्ट्राचा झाला, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आलं.

पण ही पुस्तकं छापली जात होती त्याच काळात घोंगडीची साखळी उसवायला लागली होती.

1972 च्या दुष्काळात जनावरं मिळेल त्या भावानं विकावी लागली. पुढच्या काळात शेतच बदललं. रासायनिक खत आलं आणि मेंढरं बसवायची गरज कमी झाली. मांजरा नदीकाठी ऊस वाढला. नव्वदनंतर लातूर-नांदेडचं खरीप सोयाबीननं व्यापलं, मागोमाग हरभरा आला. ज्वारीच्या धसकटांत आणि कडब्याच्या पाल्यावर मोकळं चरणं संपत गेलं. पावसात डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ आली. ती हलकी आणि फुकटातली होती. सालगडी ठेवण्याची पद्धतच आटत गेली, तेव्हा त्याच्या घोंगडीचं ठरलेलं गिऱ्हाईकही गेलं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात औसा, निलंगा, उमरगा भागातली दगडमातीची घरं कोसळली आणि हजारो माणसं गेली. देशभरातून मदतीचे ट्रक आले, त्यांत ब्लँकेटंही होती. त्या संकटात या ब्लँकेटांनी माणसं उबेत ठेवली, आणि ते मोठंच काम होतं. पण स्वस्त गिरणी-ब्लँकेट त्या दशकात बाजाराच्या वाटेनंही घराघरांत शिरलं. सोलापूरची चादर आधीपासून होतीच. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून होणारी ब्लँकेटं आणि मागून आलेली रंगीत मिंक ब्लँकेटं ही सगळी हातमागाच्या घोंगडीहून स्वस्त होती आणि अंगाला टोचत नव्हती. दख्खनी लोकर मेरिनोच्या दुपटीहून जाड. शर्ट घालणाऱ्या पिढीला ती खरखरीत लागली.

मेंढी मात्र कुठेच गेली नाही. देशाच्या पशुगणनेत 2012 साली सुमारे 6.5 कोटी मेंढ्या होत्या, 2019 साली त्या 7.4 कोटींच्या पुढे गेल्या. लोकरीचं उत्पादन मात्र 2014-15 मधल्या 4.81 कोटी किलोंवरून 2022-23 मध्ये 3.36 कोटी किलोंवर उतरलं. मटणाचा भाव चढत गेला आणि लोकरीचा भाव इतका पडला की कातरण्याची मजुरीही त्यातून निघेना. कळप अंगावर लोकर वागवतो म्हणून कातरायचं, आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून पुढे जायचं, ही पाळी आली. धोरणाचंही लक्ष मटणाकडेच राहिलं. फलटणच्या ‘नारी’ संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, मेंढपाळाला त्याचा खरा फायदा झाला. 2017 पासूनची ‘महामेष’ योजना वीस मेंढ्या आणि एक नर घ्यायला 75 टक्के अनुदान देते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र खुद्द मुखेडला आहे. या सगळ्यात कातणारी बाई कुठे आहे, हा प्रश्न विचारायला हवा. तिच्या चरख्याला, तिच्या दिवसाच्या मजुरीला आधार मिळाला असता तर आज लोकर बांधावर पडली नसती.

जाड्याभरड्या लोकरीलाही दाम मिळू शकतो, हे दूरच्या एका उदाहरणावरून दिसतं. उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांवर माणसं पन्नासेक हजार आणि मेंढ्या त्यांहून जास्त. तिथल्या मेंढपाळीचे नियम सांगणारा दस्तऐवज 1298 सालचा आहे. 2007 साली एका डॅनिश टीव्ही मालिकेतल्या पोलीस अधिकारी बाईनं फेरो लोकरीचा हातविणीचा स्वेटर घातला आणि त्या विणकामाला युरोपभर गिऱ्हाईक मिळालं. तिथली लोकरही जाडीभरडीच, पण विणणाऱ्या बायकांना तिचे पैसे मिळू लागले. मराठवाड्यात तेवढं घडलं नाही.

आजही माळेगावला घोंगडी विकायला येते. घेणाऱ्यांत घट बसवणारी घरं आहेत, कीर्तनकार आहेत, कंबरदुखीवर उबेची म्हणून मागणारी म्हातारी माणसं आहेत, आणि अलीकडे पुण्या-मुंबईहून येणारी तरुण मंडळीही. पुष्कळ घोंगड्यांत गिरणीचं सूत मिसळलेलं असतं, कारण हातानं कातणाऱ्या बायका फार थोड्या उरल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गायरानं आणि पशुपालक यांच्या नावे जाहीर केलं आहे. लोहा, कंधार, मुखेडच्या माळांवर या वर्षीही कातरणी होईल, आणि लोकर विकत घेणारं केंद्र जवळ असेल तरच ती पोत्यात भरली जाईल.