ताठ कण्याचे पहिले धडे पाळण्यातच

भंडारा : पऱ्हे हाताशी आले, बांध्यांत चिखलणी झाली की भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीची लगबग सुरू होते. घोटाभर चिखलात उभे राहायचे, कमरेत वाकायचे, एका हातात रोपांची जुडी धरून दुसऱ्या हाताने रोवत रोवत मागे सरकायचे. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि ते दिवसभर, कित्येक आठवडे चालते. हंगाम संपतो, कंबरदुखी मात्र अनेकींच्या सोबतीला राहते. नागपूर-मुंबईच्या कार्यालयात संगणकापुढे पोक काढून बसणाऱ्याची तक्रारही याहून फार वेगळी नसते. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे.

या दुखण्यावर 'ताठ बसा' हा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु ताठपणा म्हणजे नुसती छाती पुढे काढणे नव्हे. कण्याला स्थैर्य कसे मिळते, हे समजून घेतले तर हा सल्ला अपुरा का पडतो, ते ध्यानात येते.

आधार पाठीचा नव्हे, पोटाचाही

कंबरेचा कणा चहूबाजूंनी स्नायूंनी वेढलेला असतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढे व बाजूंना पोटाची भिंत आणि मागे मणक्यांलगतचे खोल स्नायू. श्वास घेताना श्वासपटल खाली उतरते, इतर स्नायू त्याला योग्य तेवढा प्रतिकार करतात आणि पोटाच्या पोकळीत दाब निर्माण होतो. हवा भरलेला चेंडू जसा दाबला तरी आकार सोडत नाही, तसा हा दाब कण्याला आतून आधार देतो.

यात ताकदीइतकेच महत्त्व वेळेला आहे. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा पोटाचा सर्वांत आतला स्नायू हाताच्याही आधी आकसतो. कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र तो उशिरा जागा होतो. याउलट पूर्ण वाकलेल्या अवस्थेत पाठीचे वरवरचे स्नायू जवळपास शांत होतात आणि भार अस्थिबंध व चकत्यांवर येतो. रोवणीच्या कामात नेमकी हीच अवस्था तासन्‌तास टिकते.

बाळ हे कोठे शिकते?

स्नायूंचा हा मेळ कोणी शिकवीत नाही. तीनेक महिन्यांचे बाळ पोटावर असताना कोपरांवर भार देऊन मान उचलते. सहाव्या महिन्याच्या आसपास ते कुशीवर वळून पालथे पडते, पुढे बसते, रांगते, उकिडवे होते आणि वर्षाच्या सुमारास उभे राहून पाऊल टाकते. प्रत्येक टप्प्यावर कण्याला आधार देणे आणि हातापायांना मोकळे सोडणे, हे दोन्ही एकदम साधावे लागते. काही निरोगी मुले रांगण्याचा टप्पा गाळतात. तेवढ्यावरून काळजीचे कारण नाही.

या क्रमाचा उपचारासाठी उपयोग करण्याचा विचार युरोपातील चेकोस्लोव्हाकियात पुढे आला. वाच्लाव वोय्ता या मज्जातंतुतज्ज्ञाने सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांवर उपचार करताना त्याचा पाया घातला. त्याच परंपरेतून प्राग येथील पावेल कोलार यांनी प्रौढांसाठी 'डायनॅमिक न्यूरोमस्क्युलर स्टॅबिलायझेशन' ही पद्धती विकसित केली.

व्यायाम कसे करावेत?

पहिला टप्पा उताणे झोपण्याचा. पोटऱ्या खुर्चीवर वा खाटेवर टेकवाव्यात. हात कंबरेच्या दोन्ही बाजूंना ठेवून सावकाश श्वास घ्यावा. पोटाबरोबर कुशी आणि कंबरेचा मागचा भागही फुगला पाहिजे. खांदे वर चढू देऊ नयेत. हे जमल्यावर पालथे होऊन कोपरांवर भार द्यावा व मान लांब ठेवावी. त्यानंतर कुशीवर वळणे, मग रांगण्याच्या स्थितीत कंबर न हलवता एक हात वा पाय उचलणे आणि शेवटी उकिडवे बसून उठणे. श्वास कोंडला किंवा दुखू लागले की मागच्या टप्प्यावर यावे. पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सराव करणे श्रेयस्कर.

मर्यादाही ओळखाव्यात

ही पद्धती इतर व्यायामांपेक्षा निर्विवाद सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाची शिफारस आहे. कमरेच्या पट्ट्याची व ताण देण्याच्या उपचाराची मात्र नाही. पायांत बधिरपणा वा अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा जाणे, ताप किंवा कारणाविना वजन घटणे अशी लक्षणे असल्यास व्यायाम न करता तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

शिवाय पंधरा मिनिटांचा व्यायाम आठ तासांच्या वाकण्याची भरपाई करू शकत नाही. बांधीत थोड्या थोड्या वेळाने सरळ उभे राहण्याची मुभा, रोवणी यंत्राचा वापर किंवा जमीन अनुकूल असेल तेथे आवत्या पद्धतीची पेरणी, यांनी कण्यावरचा मूळ भारच हलका होतो. यंत्र आणि पेरणीचा निर्णय मजूर स्त्रीच्या हाती नसतो, तो शेतमालकाला घ्यावा लागतो. शहरातील वाचकाला मात्र दर अर्ध्या तासाने खुर्ची सोडण्यासाठी सहसा कोणाची परवानगी लागत नाही.