उंची की वेग? ऑरेगन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा १९३८-३९ चा हंगाम

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासात १९३८-३९ च्या हंगामाला एक विशेष स्थान आहे. त्या हंगामाच्या अखेरीस, १९३९ च्या मार्च महिन्यात, देशाच्या निरनिराळ्या विभागांतील आठ विद्यापीठसंघांची बाद पद्धतीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील ऑरेगन विद्यापीठाच्या संघाने ती जिंकली. पोर्टलँडच्या 'ओरेगोनियन' दैनिकाचे क्रीडासंपादक एल. एच. ग्रेगरी यांनी या संघाला 'टॉल फर्स', म्हणजे उंच फर-वृक्ष, असे नाव दिले होते. ऑरेगन हा अरण्यांचा प्रदेश आणि संघातील तीन खेळाडू त्या काळच्या मानाने विलक्षण उंच. त्यामुळे नाव समर्पक ठरले व टिकले. तथापि नावाबरोबर एक उपपत्तीही रूढ झाली. हा संघ उंचीच्या बळावर जिंकला, अशी ती उपपत्ती होय. ती कितपत ग्राह्य आहे हे पाहण्यासाठी प्रथम त्या काळी खेळाच्या नियमांत झालेले परिवर्तन ध्यानात घेतले पाहिजे.

१८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ सिद्ध केला. त्यात पुढे दीर्घकाळ एक प्रथा चालत आली. एखाद्या संघाने चेंडू टोपलीत टाकला की प्रत्येक वेळी तो मैदानाच्या मध्यभागी आणावयाचा, पंचाने तो दोन्ही संघांच्या मध्य-खेळाडूंमध्ये उंच उडवावयाचा आणि त्या दोघांनी उडी घेऊन तो आपल्या सहकाऱ्यांकडे वळवावयाचा. या प्रथेचे परिणाम दुहेरी होते. एक तर प्रत्येक गुणानंतर खेळ खंडित होई व घड्याळ मात्र चालूच राही. दुसरे असे, की ज्याचा मध्य-खेळाडू अधिक उंच, त्या संघाला गुण मिळविल्यावरही चेंडू पुन्हा आपल्याकडेच घेता येई. उंचीला या व्यवस्थेत जवळजवळ हक्काचे मोल होते.

१९३० नंतर या स्थितीत क्रमाक्रमाने पालट होत गेला. १९३२ मध्ये चेंडू दहा सेकंदांच्या आत मध्यरेषेपलीकडे नेण्याचे बंधन आले. १९३६ च्या सुमारास टोपलीखालील पट्ट्यात आक्रमक खेळाडूने तीन सेकंदांहून अधिक काळ थांबू नये असा निर्बंध दृढ झाला. सर्वांत दूरगामी बदल १९३७-३८ च्या हंगामात अमलात आला. गुणानंतरची मध्यावरील उडी रद्द झाली व ज्या संघावर गुण झाला त्यानेच अंत्यरेषेमागून चेंडू खेळात आणावा असे ठरले. या सुधारणेचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्गदर्शक सॅम बॅरी हे अग्रणी होते. आता गुण होताच खेळ उलट दिशेने वाहू लागला. विश्रांतीचे क्षण नाहीसे झाले आणि धावण्याची शक्ती व संक्रमणाची तत्परता यांना नवे महत्त्व प्राप्त झाले.

ऑरेगनचा संघ या नव्या नियमांच्या दुसऱ्याच हंगामात मैदानावर उतरला होता. त्याचे मार्गदर्शक हॉवर्ड हॉबसन हे त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू असून १९३५ पासून संघाची धुरा त्यांच्याकडे होती. मध्यस्थानी ६ फूट ८ इंच उंचीचा स्लिम विंटरम्यूट आणि आघाडीला लॅडी गेल व जॉन डिक हे ६ फूट ४ इंचांच्या घरातले खेळाडू, ही झाली 'उंच वृक्षां'ची त्रयी. पण संघाचे उरलेले दोन खेळाडू या वर्णनात बसत नाहीत. संघनायक बॉबी ॲनेट हा अवघा ५ फूट ८ इंच उंच होता आणि त्याचा जोडीदार वॉली जोहान्सन हाही सहा फुटांच्या आतला. हे दोघे कोलंबिया नदीच्या मुखाशी असलेल्या अस्टोरिया गावचे, शाळेपासून एकत्र खेळलेले. एकाच्या हालचालीवरून दुसऱ्याचा मनोदय ओळखण्याची जी सवय दीर्घ सहवासाने येते, ती त्यांच्या ठायी होती.

हंगामाचा प्रारंभ कसोटीचा ठरला. १९३८ च्या डिसेंबरात संघाने आगगाडीने सबंध खंड ओलांडून पूर्वेकडील शहरांचा दौरा केला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सिटी कॉलेजने त्याचा अल्पशा फरकाने पराभव केला. हा दौरा प्रतिष्ठेपेक्षा शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा होता. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील खेळाच्या पद्धती त्या काळी बऱ्याच भिन्न होत्या. अपरिचित पंच, अपरिचित बचाव व सततचा प्रवास यांचा अनुभव एकाच दौऱ्यात पदरी पडला. परतल्यानंतर पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सच्या उत्तर विभागात संघाने १४ सामने जिंकले व केवळ २ गमावले. आदल्या वर्षी कॉन्फरन्सच्या अंतिम लढतीत स्टॅनफर्डने, म्हणजेच एका हाताने चेंडू फेकण्याच्या कलेबद्दल ख्यातनाम झालेल्या हँक लुइसेट्टीच्या संघाने, ऑरेगनला रोखले होते. या वेळी दक्षिण विभागाच्या कॅलिफोर्निया विद्यापीठावर मात करून ते उणेपण भरून निघाले.

राष्ट्रीय स्पर्धेचे पश्चिम विभागीय सामने सॅन फ्रान्सिस्कोजवळील ट्रेझर आयलंड या मानवनिर्मित बेटावर झाले. त्या वर्षी तेथे गोल्डन गेट आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलेले होते. ऑरेगनने प्रथम टेक्ससला ५६-४१ आणि नंतर ओक्लाहोमाला ५५-३७ असे हरविले. अंतिम सामना २७ मार्च १९३९ रोजी इलिनॉय राज्यातील एव्हॅन्स्टन येथे, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पॅटन क्रीडागृहात झाला. प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटचे मार्गदर्शक हॅरॉल्ड ओल्सन हेच या स्पर्धेच्या कल्पनेचे प्रमुख प्रवर्तक होते. सामना ऑरेगनने ४६-३३ असा जिंकला. खेळाच्या ओघात निसटता चेंडू पकडण्यासाठी ॲनेटने झेप घेतली, तो पत्रकारांच्या मेजावर जाऊन आदळला आणि तेथे ठेवलेल्या विजयचिन्हावरील पुतळी मोडली. विजेत्यांना मिळाले ते हे भंगलेले चिन्ह. संपूर्ण हंगामाचा हिशेब २९ विजय व ५ पराभव असा राहिला.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उंची हेच विजयाचे कारण असते, तर मध्यावरील उडी रद्द झाल्यावर या संघाचे बळ घटावयास हवे होते. घडले ते याच्या उलट. याचा अर्थ उंची निरर्थक होती असा नव्हे. तिचे कार्य बदलले होते. हॉबसन यांचा संघ प्रतिपक्षाला गोंधळात टाकण्यासाठी माणसागणिक बचाव व विभागीय बचाव यांची अदलाबदल करीत असे. फळीवर आदळून परतलेला चेंडू त्रयीपैकी कोणी तरी हस्तगत करी व तत्क्षणी ॲनेट किंवा जोहान्सनकडे सोपवी. प्रतिपक्षाचा बचाव सावरण्यापूर्वीच चढाई पूर्ण होई. पूर्वी उंची चेंडू मिळवून खेळ थांबविल्यासारखा करीत असे. आता ती चेंडू मिळवून वेगाला जन्म देऊ लागली. 'टॉल फर्स' हे नाव पाच जणांपैकी तिघांचेच वर्णन करते आणि त्या तिघांनी मिळविलेल्या चेंडूचे पुढे काय होई याविषयी मौन बाळगते. लोकप्रिय नामाभिधान हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना किती सावध राहिले पाहिजे, याचे हे बोलके उदाहरण होय.

'राष्ट्रीय विजेता' या पदवीचीही अशीच चिकित्सा आवश्यक आहे. १९३८ पासून न्यूयॉर्कमध्ये तेथील क्रीडापत्रकारांच्या पुढाकाराने नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट ही निमंत्रितांची स्पर्धा भरत होती. १९३९ मध्ये लाँग आयलंड विद्यापीठाने ती अपराजित राहून जिंकली. त्या काळी अधिक प्रतिष्ठा या स्पर्धेला होती. दोन्ही विजेत्यांची गाठ पडलीच नाही. शिवाय दक्षिणेकडील अनेक विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होते. 'राष्ट्र' या शब्दाची व्याप्ती त्यामुळे मुळातच आखूड होती. एव्हॅन्स्टनचा सामना पाहावयास सुमारे ५,५०० प्रेक्षक आले आणि स्पर्धेला २,५३१ डॉलरांची तूट आली. ही स्पर्धा मार्गदर्शकांच्या संघटनेने चालविली होती. पुढील वर्षापासून ती नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनने स्वतःकडे घेतली. १९३९ च्या विजयाला आज जे मोल आहे, ते बव्हंशी स्पर्धेच्या उत्तरकालीन उत्कर्षाने मागे वळून बहाल केलेले आहे.

हॉबसन यांच्यापुरता या हंगामाचा अर्थ मैदानापुरता मर्यादित राहिला नाही. कोणत्या अंतरावरून किती फेकी झाल्या व किती साधल्या, यांच्या पद्धतशीर नोंदी ठेवण्याचा त्यांनी पाठपुरावा केला. कोलंबिया विद्यापीठात त्यावर संशोधन करून १९४९ मध्ये 'सायंटिफिक बास्केटबॉल' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दूरवरून साधलेल्या फेकीला तीन गुण द्यावेत असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४५ मध्ये कोलंबिया व फोर्डहॅम यांच्या सामन्यात त्याचा प्रयोगही झाला. देशातील सर्व महाविद्यालयांसाठी तो नियम लागू व्हावयास मात्र १९८६ साल उजाडावे लागले. टोपलीजवळच्या उंचीचे वर्चस्व नियमांनी मर्यादित करावे, हा त्या सूचनेमागील विचार होता. ज्यांच्या संघाला जगाने उंचीचे प्रतीक मानले, त्याच मार्गदर्शकाने उंचीला आवर घालणारा नियम सुचवावा, यात विसंगती दिसते ती केवळ नावावर विश्वास ठेवणाऱ्याला. हंगामाचा तपशील पाहणाऱ्याला त्यात सुसंगतीच आढळते.