रबर सलामत तो गाडी पचास!

पावसाळा तोंडावर, बिल्डिंगखाली १९८५ची पद्मिनी आणि तिच्या पुढच्या काचेचं रबर पार गेलेलं... गाडी ठेवायची की विकायची, याचा फैसला शेवटी एका दोरीवर येऊन ठेपला. दोन माणसं, साबणाचं पाणी आणि भरपूर पेशन्स, एवढ्या भांडवलावर केलेल्या एका वीकएण्डची ही गोष्ट.

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या कॉफी मशिनपाशी एक प्रश्न ठरलेला असतो. 'वीकएण्डला काय केलंस?' कुणी अलिबागला जाऊन आलेलं असतं, कुणी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असतं, तर कुणी नुसतीच झोप काढलेली असते. मे महिन्यातल्या त्या सोमवारी मी म्हटलं, 'गाडीची काच बसवली.'

'म्हणजे बसवून घेतलीस?'

'नाही गं, बसवली. मी आणि बाबांनी.'

हातावरचे ओरखडे आणि अजून न निघालेला काळा रंग दाखवला, तेव्हा कुठे मंडळींना पटलं.

आमची गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. फिकट निळी, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात १९५४पासून फियाट ११०० तयार व्हायला लागली. तिचं ते जुनं गोलमटोल मॉडेल म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'! पुढे १९६४मध्ये 'डिलाइट' आली आणि १९७४पासून तीच गाडी 'पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईकरांनी तिला ओळखलं ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या आमच्यासारख्यांच्या घरच्या.

आणि आमची घरची गळत होती!

मागच्या जुलैत बाबांनी गाडीतलं मॅट उचललं, तर खाली चक्क डबकं. कुबट वास, चिकट झालेलं कार्पेट आणि पत्र्यावर तांबूस फोड. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, 'विकून टाकू या. भंगारवाला दोनदा विचारून गेलाय.' आई ताटाकडे बघत राहिली. मी म्हटलं, 'एक पावसाळा द्या मला. पुन्हा पाणी आलं तर मी स्वतः त्याला फोन करीन.' डील झालं.

पाणी येतं कुठून?

सगळ्यांचा पहिला समज असतो, पायाखाली पाणी म्हणजे पत्र्याला भोक. पण जुन्या गाडीत ते बऱ्याचदा वरून येतं. पुढची काच आणि बॉडी यांच्यामध्ये जे काळं रबर असतं, ते उन्हाने आणि हवेतल्या ओझोनमुळे कडक होत जातं, आक्रसतं आणि कोपऱ्यांत चिरतं. तिथून शिरलेलं पाणी खांबाच्या आतून, डॅशबोर्डच्या मागून गुपचूप खाली उतरतं. म्हणजे गळती डोळ्यांसमोर आणि डबकं पायाशी!

शोधायची पद्धत सोपी आहे. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. पण सुरुवात खालच्या कडेपासून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरूनच ओतलंत, तर सगळीकडून ओघळ येतात आणि नेमकी जागा कळत नाही. दरवाजांसाठी कागदाची पट्टी पुरते. ती दारात धरून दार लावा आणि ओढा. जराही अडकल्याशिवाय सुळकन बाहेर आली, तर तिथलं रबर दाबलंच जात नाहीये.

आमच्या गाडीत दोन्ही खालच्या कोपऱ्यांतून धार लागली.

आधी गंज, मग काच

रबर टाकूनच द्यायचं असेल, तर जुनी काच काढताना जोर लावायची गरज नसते. ब्लेडने रबराची कड कापत गेलं की काच मोकळी होते. हातमोजे आणि गॉगल मात्र मस्ट.

काच निघाली आणि खरं दुखणं दिसलं. ज्या पत्र्याच्या काठावर रबर बसतं, तो खालच्या बाजूला पापडासारखा सुटत होता. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने 'गॅरंटीने' गळती बंद केली होती. म्हणजे रबराखाली भसाभस सिलिकॉन भरलं होतं! व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिड सोडतं आणि त्याने उघडा पत्रा गंजतो. वर पाणी अडून राहतं, ते वेगळंच. थोडक्यात, उपायच रोग होऊन बसला होता.

डेंटरने सडलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडला. मग पॉलिश पेपर, गंजरोधक, प्रायमर, रंग. आणि थांबणं. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून ओला असतो. त्यावर रबर बसवलं की रंग रबराला चिकटून सोलला जातो आणि गंजाला पुन्हा दार उघडं. आम्ही आठ दिवस थांबलो. डेडलाइनवर जगणाऱ्या माझ्यासारखीला ते आठ दिवस म्हणजे शिक्षाच होती.

शॉपिंग, पण मॉलमध्ये नाही

कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुन्या गाड्यांच्या पार्टसाठी सगळी मुंबई तिथे येते. बाबांनी जुन्या रबराचा वीतभर तुकडा पिशवीत घेतला होता. मला हसू आलं, पण तीच खरी ट्रिक निघाली. 'पद्मिनीचं रबर द्या' म्हटलं की दुकानदार तीन नमुने पुढे करतो आणि तिन्ही दिसायला सारखेच. फरक असतो खाचांमध्ये. एका खाचेत काच बसते, दुसऱ्या खाचेत पत्र्याचा काठ. पत्र्याची खाच रुंद असेल तर पाणी शिरतं, अरुंद असेल तर काच बसतच नाही. तुकडा शेजारी धरून बघा, बस्स. शिवाय शक्य असेल तर ईपीडीएम रबर घ्या. ऊन आणि ओझोन साध्या रबरापेक्षा ते खूप जास्त सोसतं.

काचेचीही निवड असते. जुनी काच टफन्ड होती. अशी काच फुटली की तिचा साबुदाणा होतो, म्हणजे क्षणात समोरचं काहीच दिसत नाही. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. ती तडकते, पण जागेवर राहते. पुढची काच लॅमिनेटेडच हवी. आम्हाला तशी एक मिळाली. एकच! दुकानातले चाचा ती वर्तमानपत्रात गुंडाळताना म्हणाले, 'ताई, संभालके. दुसरी नाय आहे. आणि एक ध्यानात ठेवा, रबराशी जबरदस्ती नाय करायची.'

येताना काच मागच्या सीटवर, गोधडीत. मी तिच्या शेजारी, एखाद्या पेशंटला धरून बसावं तशी.

दोरीचा फंडा

रविवारी सकाळी रबर तासभर उन्हात ठेवलं. गरम रबर नरम पडतं आणि मे महिन्याचं ऊन फुकट असतं! मग टेबलावर गोधडी पसरून काच ठेवली आणि तिच्या कडेने रबर चढवलं. अखंड रबर असेल तर प्रश्न नाही, पण पट्टी असेल तर ती ताणून बसवू नका. ताणलेलं रबर पुढे आक्रसतं आणि जोड उघडा पडतो. पट्टी किंचित लांब कापायची, दाबून बसवायची आणि जोड कोपऱ्यात न घेता सरळ भागात घ्यायचा.

आता खरी गंमत. पत्र्याच्या काठासाठी जी खाच आहे, तिच्यात बोरूएवढ्या जाडीची नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवायची. दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन आतल्या बाजूला लोंबती ठेवायची. पत्र्याला आणि रबराला साबणाचं पाणी लावायचं. तेल-ग्रीस अजिबात नाही, त्याने रबर फुगतं. मग दोघांनी काच बाहेरून उचलून आधी खालच्या कडेवर टेकवायची. एकाने आत बसून दोरी ओढायची, दुसऱ्याने बाहेरून नेमकं त्याच जागी तळहाताने दाबायचं. दोरी बाहेर येताना रबराची आतली कड उचलून पत्र्यावरून आत घेते. कपड्याला नाडी घालण्याच्या अगदी उलटा प्रकार!

हे एकट्याचं काम नाहीच. आतल्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलं कळत नाही.

'अगं, ओढू नकोस!'

मी आत, बाबा बाहेर. खालची कड मस्त बसली. डावी बाजू चढताना मला जोश आला. आणि कोपऱ्यात दोरी अडकली. मी दोन्ही हातांनी पकडली, पाय डॅशबोर्डला लावला...

'अगं, ओढू नकोस!'

बाबांचा आवाज इतका चढलेला मी दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. काचेपलीकडे त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कोपऱ्यात रबराची कड दुमडली होती आणि सगळा ताण काचेवर येत होता. लॅमिनेटेड काचेला वाकवलेलं चालत नाही. आणखी एक हिसका आणि कोपऱ्यापासून तडा. दुसरी काच नाही, म्हणजे गाडीही नाही.

'बाहेर काढू,' बाबा म्हणाले. 'पहिल्यापासून करू.'

दीड तासाची मेहनत पाण्यात. पण बाबा शांतपणे दोरी पुन्हा खाचेत घालत होते. मी विचारलं, 'तुम्हाला विकायची होती ना?' ते म्हणाले, 'विकायची होती गं. फोडायची नव्हती.'

दुसऱ्यांदा आम्ही बोलत बोलत काम केलं. 'चार बोटं ओढते.' 'थांब, दाबतो. हं, चल.' कोपऱ्यात तर दोन-दोन बोटं. दोरी काचेच्या मध्याच्या दिशेने ओढायची, हेही तेव्हाच कळलं. घरात आम्ही दोघं एरवी इतकं बोलत नाही. चाळीस मिनिटांनी दोरीचं शेवटचं टोक माझ्या हातात आलं. रबराच्या खाचेत चकचकीत पट्टी बसवली आणि पद्मिनी पुन्हा पद्मिनी दिसायला लागली.

मग पाइपची परीक्षा. उजवा कोपरा पास. डाव्या कोपऱ्यात एक थेंब. फक्त एक, पण थेंब! इंचभर कड आत दुमडलेली राहिली होती. जुन्या टूथब्रशच्या दांडीने ती अलगद वर काढली. पुन्हा पाणी. कोरडं.

दरवाजाच्या आत

जाता जाता दरवाजेही बघितले. काच ज्या खाचेतून वर-खाली होते, तिथली फेल्टची पट्टी झिजली की काच खडखडते. ती बदलणं तुलनेने सोपं आहे. पण एक गोष्ट मला नवीन होती. दरवाजाच्या आत पाणी जातंच. ते जाणार, हे धरूनच खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. आमची भोकं रंगाने आणि चिखलाने बुजलेली होती. बाबांनी काडी घातली आणि वाटीभर गढूळ पाणी बाहेर आलं. सगळंच पाणी अडवून चालत नाही, काहींना नीट वाटही करून द्यावी लागते.

पहिला पाऊस

जूनमध्ये तो आला, रात्री, धो धो. आदल्या संध्याकाळी बाबांनी मॅटखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. कागद ओला झाला तर खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा हिशेब.

सकाळी मी ऑफिसला निघाले, तर बाबा छत्री घेऊन खाली पोचलेले. गाडीचं दार उघडं, मॅट बाजूला. माझ्या पोटात गोळा. जवळ जाऊन बघते तर ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून तोच पेपर वाचत होते. कोरडा ठणठणीत.

'काय झालं?' मी विचारलं.

'आडवे सात,' ते म्हणाले. 'पाच अक्षरी शब्द हवाय. आणि तू का थांबलीस? लोकल चुकेल.'

भंगारवाल्याला अजून फोन केलेला नाही.

चौकट : हे विसरू नका!

• जुन्या रबराचा तुकडा घेतल्याशिवाय खरेदीला जाऊ नका.
• पत्र्याचा गंज काढल्याशिवाय नवं रबर बसवू नका.
• रंग पूर्ण वाळू द्या. किमान एक वीकएण्ड सोडून पुढचा पकडा.
• वंगण म्हणून फक्त साबणाचं पाणी. तेल, ग्रीस, पेट्रोल नाही.
• सीलंट लागलंच, तर न कडकणारं घ्या. आंबट वासाचं सिलिकॉन टाळा.
• काचेला हातोडी नाही, फक्त तळहात. काच कडेवर आपटली, तर टफन्ड असली तरी फुटते.
• एकट्याने करू नका. बाबा नसतील, तर मित्राला पोहे खिलवा!